दोन बटणं

निवडणुकीआधी ते म्हणायचे, झाक.
वेन टॉलिव्हर खुर्चीत मान मागे टाकून बसायचा
आणि मी स्पंजने थापत जायचे
गळ्याखाली डोकावणाऱ्या तलवारीच्या टोकावर
आधी पीच, मग पिवळा, मग त्याच्या कातडीचा रंग,
वर पावडर.
टेनेसीच्या मतदारांना तेव्हा कोरा माणूस हवा होता.

आज त्याचा पोरगेला सचिव म्हणाला, उघड.
दोन बटणं. नको, तीन.
आणि जरा तेल लाव, दिव्याखाली चमकू दे.

तेव्हा पहिल्यांदा सगळं नीट पाहिलं.
छातीभर क्रूस, ताटाएवढा,
त्याच्या चार कोपऱ्यांत चार पिल्लं.
डावीकडचं खालचं जरा सरकलेलं,
तिथे तीळ होता, गोंदणाऱ्याने तो चुकवला.
दुमडलेल्या बाहीखाली कोपरापासून मनगटापर्यंत
लॅटिन अक्षरं: देवाची इच्छा आहे.
एवढी मोठी इच्छा,
आणि एका हातावर मावली.

तेल लावताना माझी बाही वर सरकली.
"अरे! तू पण?"
त्याने माझं मनगट धरलं, प्रेमानंच धरलं.
"म्हणजे आपल्यातलीच की."

माझा क्रूस मसुरीच्या दाण्याएवढा.
निळा होता, आता हिरवट.
मी चार वर्षांची, दुरुंक्याच्या जत्रेत,
आजीने मांडीत दाबून धरलेली,
सुईचं यंत्र शिवणयंत्रासारखं कुरकुरत होतं
आणि दुसऱ्या हातात उसाचा रस, लाच म्हणून.
"पोरगी हरवली तर कळायला हवं कुणाची," आजी म्हणाली.
पळवली तर, असं तिला म्हणायचं होतं.
आमच्याकडे चर्चच्या दारात शिपाई मनगट बघतो,
मग आत सोडतो.
ज्यांना मारायचं असतं तेही मनगटच बघतात.
तेवढंच त्या दाण्याचं काम,
दार उघडणं, किंवा

आजीच्या तोंडी हजार वर्षांपूर्वीचंही कालचंच असायचं.
समुद्रापलीकडून लोखंड घालून आले ते,
छातीवर क्रूस शिवलेले,
जेरुसलेमच्या वाटेवर आम्हाला अडवून म्हणाले,
तुम्ही पाखंडी, परत फिरा.
"आमच्या मनगटावर काय आहे ते बघितलंसुद्धा नाही मेल्यांनी!"
ती अशी चिडायची, जणू
तिकीट असून कंडक्टरने बसमधून उतरवलं.

हे त्याला सांगता आलं असतं.
विचारलं होतं त्याने, "कुठली तू?"
"असियूत."
तो थांबला. नकाशात शोधत असावा.
"इजिप्त," मी म्हटलं.
मनगट सुटलं. वाईट काही वागला नाही तो.
"उकडत असेल ना तिकडे," एवढंच.

"चार मिनिटं!" कुणीतरी ओरडलं.

शर्टाला डाग पडू नये म्हणून
आम्ही कॉलरमध्ये टिश्यू खोचतो,
तान्ह्या मुलाला लाळेरं बांधतात तसा.
शेवटी तो काढायचा असतो.
मी ब्रश पुसले, डब्या मिटल्या,
आणि बाजूच्या मॉनिटरवर तो दिसायला लागला.
सीमा म्हणाला, वेढा म्हणाला, आपले पूर्वज म्हणाला.
छाती छान चमकत होती
आणि मानेपाशी पांढरा टिश्यू
दर श्वासाला हलत होता.

अकरा मिनिटं.
सचिव फोनमध्ये बुडालेला.
कॅमेऱ्यामागचा डेलरॉय माझ्याकडे बघून
भुवया उडवत राहिला.
विसरले, असं सांगेन कुणी विचारलं तर.
मी नळाखाली हात धरले.
तेल जाईना. साबण लावला, परत लावला,
दाण्याभोवतीची कातडी तेवढी लाल झाली.

घरी किरोलॉस आजही विचारेल,
आई, माझा कधी काढायचा?
नऊचा झालाय.
वर्गातल्या पोरांच्या बापांना आहेत,
मोठ्ठे, तलवारीवाले.
त्याला तसलाच हवाय.